गोबरूचे गाल

...आणि वर मलाच विचारतात, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?" अहो, कशाची वाटायची? चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडून भुतं ऐकून वहीत उतरवून घेते आहे. विहिरीवरची, वळणावरची, उलट्या पावलांची, बिनडोक्याची, एक तर नुसतंच डोकं असलेलं, त्याला बिचाऱ्याला पायच नाहीत तर ते कुठे जाणार... सगळी माझ्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांत, अकारविल्हे, क्रमांक लावून ठेवलेली आहेत, आणि त्याच खोलीत मी दुपारची पथारी टाकते! तुम्हाला सांगते, भूत ही अत्यंत शिस्तीची संस्था आहे. त्याची जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि मुख्य म्हणजे उतारा ठरलेला. पहिल्या हाकेला ओ देऊ नका, मागे वळून पाहू नका, खिशात लोखंड ठेवा, झालं! नियमांना इतका धरून चालणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. भीती वाटायचीच तर ज्याला काही नियमच नाहीत त्याची वाटावी. जो भर संध्याकाळी साडेपाचला, दिवे लावलेले असताना, शेजाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत, तुमच्या हातात बिस्किट असताना येतो, आणि ज्याच्यापुढे मोठी माणसं तुम्हाला स्वतःच्या हातांनी ढकलतात, "अगं, मागे काय बसलीस, पुढे ये की, तुमच्यासाठीच तर आहे!"

मुलांच्या कार्यक्रमाबद्दल बोलते आहे मी. टेलिव्हिजनवरच्या.

मी घाबरले नव्हते, हे कृपया आधीच नोंदवून घ्या.

तर माझे वडील टेलिव्हिजन केंद्राच्या कपडेपटात शिंपी होते. काळ कृष्णधवल चित्राचा, आणि त्या काळात कपडेपटातल्या शिंप्याचं खरं कौशल्य सुईत नसायचं, ते असायचं एका जाड वहीत. कुठलंही कापड शिवायच्या आधी त्याचा तुकडा कॅमेऱ्यापुढे धरायचा, पडद्यावर तो कसा येतो ते बघायचं, आणि तो तुकडा वहीत टाचून शेजारी लिहायचं. 'लिंबू-पिवळा : पांढरा. आकाशी : पांढरा. गर्द निळा : राखी. लाल : काळा.' त्या वहीनं बाबांचे डोळेच बदलले होते हो! आई नवी साडी नेसून समोर आली की दोन पावलं मागे जायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "मध्यम राखी. चांगली येईल." एकदा आम्ही तिघं टेकडीवर फिरायला गेलो, समोर अख्खं आकाश तांबडंलाल झालेलं, आईचा स्वर अगदी हळवा, "अहो, बघा ना..." आणि बाबा म्हणाले, "सगळं काळं येईल."

असा माणूस, बरं का! हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांनी बेतलेले कपडे शिवले. राजाचा झगा सैल कर, प्रधानाची बाही आखूड कर, निवेदिकेचा काठ वर घे. आणि एक दिवस मुलांच्या कार्यक्रमाच्या बाई त्यांना म्हणाल्या, मला एक हातात घालायचा बाहुला हवाय, तुमच्या मनानं करा. तुमच्या मनानं! घरी येऊन हे वाक्य बाबांनी आईला तीनदा सांगितलं. मग महिनाभर ते त्या बाहुल्याचे होते. कलिंगडाएवढं डोकं, सायीच्या रंगाचं लोकरी तोंड, केस जाड दोऱ्यांचे, तोंड उघडायचं-मिटायचं, आणि गोबरे गाल, म्हणून नाव गोबरू. कॅमेऱ्यापुढे धरून झाला, बाईंनी पसंत केला, आणि कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचे चार टाके घालायला बाबा त्याला घरी घेऊन आले. मी सात वर्षांची. मी त्याला मांडीवर घेतला, चहूबाजूंनी न्याहाळला आणि म्हटलं, "बाबा, याचे गाल लाल नाहीत."

बाबा म्हणाले, "गोबरे आहेत की, ठकूबाई."

म्हटलं, "गोबरे आहेत पण लाल नाहीत."

बाबांनी चिंध्यांच्या पेटीतून राजाच्या झग्याची उरलेली लाल मखमल काढली. बाटलीचं बूच ठेवून दोन गोल आखले. कात्री उघडली... आणि थोडा वेळ ती तशीच उघडी धरून माझ्याकडे बघत बसले. मला वाटलं, माप घेताहेत. मग कापले, आत कापूस भरला, टाचले. आणि काय देखणा दिसला हो गोबरू! मी त्याचे दोन्ही गालांवर पापे घेतले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्या इमारतीत एकच टेलिव्हिजन, तळमजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे, आणि तोही लाकडी पेटीतला, पुढे सरकती दारं असलेला. काका घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे साडेपाच म्हणजे साडेपाच. दारं सरकली, सतरंजीवर सोळा मुलं, सोळा बिस्किटं. सनई वाजली, पडदा बाजूला झाला, आणि टेबलाच्या काठामागून गोबरू वर यायला लागला. हळू... अगदी हळू... का, तर बाहुला चालवणाऱ्या गृहस्थांचा गुडघा धरलेला होता, पण हे आम्हाला कसं कळावं? आधी केस आले. मग डोळे आले. आणि मग त्या पांढऱ्याफटक तोंडावर... दोन काळे खड्डे. गाल नाहीतच! गालांच्या जागी आरपार भोकं, आणि त्या भोकांच्या मधोमध ते तोंड उघडून म्हणतंय, "काय मंडळीऽऽ, ओळखलंत का मलाऽऽ?" आणि थेट आमच्याकडे बघून तीनदा मान डोलावतंय. एक... दोन... तीन.

पंधरा बिस्किटं सतरंजीवर पडली. सोळावं माझं. ते मी हातातच धरून ठेवलं होतं, फक्त त्याचा भुगा झाला होता. घड्याळवाल्या काकांची धाकटी टेबलाखाली गेली ती कार्यक्रम संपेपर्यंत आलीच नाही. आणि काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "वा! तुझ्या वडिलांच्या हातात जादू आहे हं. अगदी जिवंत वाटतो!"

अहो, तोच तर आक्षेप होता आमचा!

मी घाबरले नव्हते. पण विचार करा, घरी आल्यावर बाबा विचारणार, हे मला ठाऊक होतं. कारण कार्यक्रम थेट जायचा, त्या वेळी बाबा टेबलाखाली सुई-दोरा घेऊन बसलेले असायचे, गोबरूचं तोंड उसवलं तर आतल्या आत शिवायला. सगळं गाव पडद्यावर गोबरूला बघत होतं, फक्त बाबा सोडून. ते आले, पिशवीतून गोबरूला काढून दारामागच्या खुंटीला अडकवलं, तिथे तो पुन्हा लालचुटूक, गोड, माझा. आणि पायातले बूटसुद्धा न काढता विचारलं, "कसा दिसला?"

म्हटलं, "छान."

"आणि गाल?"

आता सांगा, काय म्हणायला हवं होतं मी? गाल मी मागितलेले. या माणसाच्या मनातून आयुष्यात पहिल्यांदा काही आलं, आणि त्याला भोकं पाडली कुणी? मी म्हटलं, "गाल तर फारच छान." बाबा हसले.

आणि मग दर गुरुवारी. कसा दिसला, छान. गाल, फारच छान.

इकडे जिन्यात माझी चौकशी सुरू झाली. मी बाहुला करणाऱ्याची मुलगी, म्हणजे मला आतली माहिती असणारच! "त्याच्या गालांना काय झालंय गं? सांग ना. तुझ्या बाबांनीच केलंय ना?" पंधरा जण वरच्या-खालच्या पायऱ्यांवर आणि मी मधे. तुम्हाला सांगते, आमच्या अभ्यासक्षेत्रात एक मोठं दुःख आहे, की दंतकथेचा उगम कधीही सापडत नाही. जो तो म्हणतो, आमच्या आजीनं सांगितलं, तिला तिच्या आजीनं. पण या एका दंतकथेचा उगम मला पक्का ठाऊक आहे. जिना, तिसरी पायरी, गुरुवार, सहा वाजून दहा मिनिटं. मी म्हटलं, "तो खोटं बोलला होता. खोटं बोललं की गाल जळतात. आणि आता तो ज्याच्याकडे बघून तीनदा मान डोलावेल आणि त्या मुलानं आठवड्यात खोटं बोललेलं असेल, तर त्याचेही गाल तसेच होणार."

"मग यावर उपाय?" खालच्या पायरीवरून कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं. बघा, उपाय लागतोच माणसाला! म्हटलं, "तिसऱ्यांदा मान डोलावायच्या आत लाकडाला हात लावायचा आणि खरं काय ते मोठ्यानं सांगून टाकायचं."

पुढच्या गुरुवारी घड्याळवाल्या काकांकडे काय झालं असेल, करा कल्पना! गोबरूनं एकदा मान डोलावली. दोनदा डोलावली. आणि सतरंजीवरून सगळी फौज उठून त्या लाकडी पेटीवर तुटून पडली, "बरणी मी फोडली!" "प्रगतिपुस्तकावर सही मीच केली!" "मांजर मी कोंडलं होतं!" आणि काकांची धाकटी टेबलाखालूनच एक हात टेबलाच्या पायाला लावून, "बाबा, तुमच्या मोठ्या घड्याळाचा काटा मीच वाकवला!" काकांच्या डोळ्याला भिंग तसंच लावलेलं. ते म्हणाले, "चार महिने... चार महिने मी त्या घड्याळात दोष शोधतोय गं."

सगळे मोकळे होऊन हलके हलके घरी गेले. फक्त मी त्या पेटीला हात लावला नव्हता. मी काय सांगणार होते? तेही पंधरा तोंडांसमोर? महिन्याभरात शाळेतली एक मुलगी, जी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची, माझ्या कानाशी येऊन मलाच सांगायला लागली की गोबरूनं मान डोलावली की गाल जळतात, आणि हो, दातही पडतात. दात मी घातले नव्हते! ते तिकडचे. आणि हे ऐकून मी, जिनं ही गोष्ट स्वतः तिसऱ्या पायरीवर बसून रचली, ती मी घरी येऊन आरशात गाल आणि दात दोन्ही तपासले.

घाबरून नव्हे हं. पडताळणी म्हणून.

आता केंद्रावर पत्रं येऊ लागली, आईबापांची. मुलं गुरुवारी पोटात दुखतं म्हणतात, मुलं दाराच्या चौकटीला धरून भलतंच काही काही कबूल करतात, हा बाहुला बंद करा. बाईंनी बाबांना बोलावलं. बाईंचा आवाज असा, की साधं पाणी मागितलं तरी शुद्धलेखन घालताहेत असं वाटावं. "मुलं. या बाहुल्याला. घाबरतात." आणि माझे बाबा, जे साध्या बसवाहकाशीही कधी वाद घालायचे नाहीत, ते म्हणाले, "नाही बाई. माझी मुलगी दर गुरुवारी न चुकता बघते. तिला फार आवडतो. गाल तर विशेष." पुन्हा पत्रं आली, पुन्हा बाबांचं उत्तर तेच. माझ्या एका 'छान'वर गावातली सगळी मुलं बारा आठवडे थरथरत होती! शेवटी बाई म्हणाल्या, "असं असेल, तर तिलाच घेऊन या. गोबरूच्या शेजारी बसवू. ती बोलेल. मुलं बघतील. जमलं तर ठीक. नाहीतर बाहुला कोठीत."

कोठीत म्हणजे मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत. आणि बाबा परत प्रधानाच्या बाहीकडे.

बाबांनी मला लिंबू-पिवळा फ्रॉक शिवला, वही बघून. आई मला घेऊन निघाली, तर बस मधेच बंद पडली, दुसरी येईपर्यंत उशीर, आणि आईचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. "काय गं हे, चेहऱ्यावर काही तेजच नाही. घाबरल्यासारखी दिसतेस." म्हटलं, मी नाही घाबरले. "तर तर!" म्हणाली, आणि पर्समधली लिपस्टिक काढून माझ्या दोन्ही गालांवर दोन ठिपके देऊन बोटानं चांगले चोळले. पोहोचलो तेव्हा पाच वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. रंगभूषावाल्यांनी बघायचं होतं मला, पण वेळ कुठे होता? बाईंनी दंडाला धरून मला टेबलामागच्या स्टुलावर बसवलं, बाबा आधीच टेबलाखाली, मला फक्त त्यांचे गुडघे दिसत होते.

आणि तुम्हाला सांगते, मला एकदम बरं वाटलं. शेजारी गोबरू, लाल गालांचा, आमच्या खुंटीवरचा, ओळखीचा. खालून बाबांनी माझ्या पायाचा अंगठा हलकेच दाबला. दिवा लागला. सनई. पाठ केलेलं वाक्य मी खणखणीत म्हटलं, "गोबरू माझा मित्र आहे. मी त्याला अजिबात घाबरत नाही." बाईंनी लांबून मान हलवली, छान चाललंय. आणि गोबरू माझ्याकडे वळला. एक. दोन...

त्याच्या डोक्यावरून मला पलीकडे ठेवलेला टेलिव्हिजनचा पडदा दिसला. त्यात गोबरू होता, काळ्या खड्ड्यांचा. आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या फ्रॉकमधे एक मुलगी होती. तिच्या दोन्ही गालांना भोकं होती.

काय करणार होते मी? मी टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले, "बाबा, गाल छान नाही दिसत! कध्धीच नव्हते दिसत! मी खोटं बोलले!"

पाय धरला तो इतका जोरात की टेबल आडवं झालं. आणि मग सगळ्या गावानं पाहिलं, की गोबरूच्या खाली एक जाडजूड गृहस्थ गुडघा धरून बसलेले आहेत, आणि त्यांच्या शेजारी एक शिंपी, तोंडात दोरा, हातात सुई, वर बघतो आहे. माझे वडील आयुष्यात एकदाच टेलिव्हिजनवर दिसले, ते असे. मग पडद्यावर फुलदाणीचं चित्र आलं आणि दहा मिनिटं नुसती सनई.

परतीच्या बसमधे आई पुढच्या बाकावर, पाठ ताठ, त्या लिपस्टिकचं तिला अजून कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मागे आम्ही दोघं, मधे पिशवीत गोबरू. बाबा ओल्या रुमालानं माझे गाल पुसत होते. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं, लाल काळा येतो ते."

बाबा म्हणाले, "मला माहीत होतं."

"मग का लावलेत?"

"तू म्हणालीस म्हणून." मग रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "आणि दर गुरुवारी तू म्हणायचीस, छान दिसतात. मला वाटलं, वहीच चुकली असेल."

वहीच चुकली असेल! आकाशाला काळं म्हणणारा माणूस हा! पुढे चाळीस वर्षं मी माणसं कशावर का विश्वास ठेवतात याचा अभ्यास केला, त्यावर दोन जाडे ग्रंथ लिहिले, पण या एका वाक्याच्या पलीकडे माझी काही फारशी प्रगती झाली असं मला वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, संपलं, गोबरू कोठीत. मुळीच नाही! पुढच्या आठवड्यात पत्रांचा ढीग आला, मुलांनी स्वतः लिहिलेली. गोबरूच्या खाली काका असतात हे कळल्यावर त्यांची भीती निम्मी पळाली होती, आणि त्या ताईला पुन्हा आणा, म्हणत होती. बाईंनी बाबांना सांगितलं, "गाल. बदला. मग बघू." बाबांनी वही काढली, पानं उलटली, कॅमेऱ्यापुढे एकवीस तुकडे धरले, आणि पडद्यावर जो तुकडा अगदी कोवळ्या, गोड, लाजऱ्या गालांसारखा आला, तो लावला. सगळी मुलं गोबरूवर लट्टू झाली. सहा वर्षं चालला तो कार्यक्रम! घड्याळवाल्या काकांची धाकटी टेबलाखालून बाहेर आली.

फक्त तो तुकडा पोपटी होता.

तुमच्या लक्षात येतंय का? पडद्यावर गोड. आणि आमच्या घरी, दारामागच्या खुंटीवर, पांढऱ्याफटक तोंडाला पोपटी बुरशी आलेले दोन फुगीर गाल, रोज, शाळेतून आल्या आल्या, दार लोटलं की समोर! गावाची भीती गेली कुठे, तर आमच्याकडे मुक्कामाला आली. आणि बाबा पायातले बूटसुद्धा न काढता विचारायचे, "ठकूबाई, आता खरं सांग हं. कसे दिसतात?"

म्हटलं, "छान."

दाराच्या चौकटीला हात लावून म्हटलं. त्यांना दिसणार नाही असा, पाठीमागून.

बाबा गेले. वही माझ्याकडे आहे आणि गोबरूही, कपाटात, भिंतीकडे तोंड करून. परवा नात आली होती, सात वर्षांची, हट्टच धरला, दाखव ना आजी. काढला. तिनं बघितलं. एकदा माझ्याकडे, एकदा गोबरूकडे. आणि म्हणाली, "छान आहे, आजी." म्हणता म्हणता तिचा दुसरा हात सावकाश मागे गेला आणि कपाटाच्या दाराला टेकला.

मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीये. नाहीतर गाल जातात."

उगम अज्ञात म्हणून लिहून घेतलं मी, काय करता?

तर तुमचा प्रश्न होता भीतीचा. नाही, मी त्याला घाबरत नाही. अजिबात नाही. बाबांच्या हातचा आहे तो, फार गोड आहे दिसायला... हा हात ना? तो आपला सहज ठेवलाय. टेबल लाकडाचंच आहे ना हे?

प्लायवूड?

...बरं. चालवून घेईल तो.